रानपिंगळ्यासाठी पाच किलोमीटर

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की अंबाडी नाक्यापर्यंत गोदामं, वीटभट्ट्या आणि ट्रकांच्या रांगा सोबतीला असतात. नाक्यावरून वज्रेश्वरीकडे वळलं की तुंगारेश्वरचा डोंगर समोर उभा राहतो. दुसऱ्या बाजूला, शहापूरच्या अंगाला, तानसाचं जंगल. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली जाहीर झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. तानसा त्याहून जुनं आणि मोठं, १९७० सालचं, सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं. मुंबईला १८९२ पासून पाणी देणारा तानसा तलाव याच जंगलाच्या कुशीत आहे, आणि त्या पाण्याच्या जाडजूड नळवाहिन्या आपल्याच भिवंडी तालुक्यातून मुंबईकडे जातात.

२०१४ साली या तानसात एक छोटं घुबड दिसलं आणि पक्षीमित्रांत एकच खळबळ उडाली. तो रानपिंगळा होता. जेमतेम वीतभर उंचीचा पक्षी. १८७३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली, १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने सापडेना, आणि शेवटी तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले. ११३ वर्षांनी, १९९७ साली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. सातपुड्याकडचा म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी आपल्या शेजारी राहतो, हे भिवंडीत किती घरांना माहीत असेल?

ते माहीत करून देण्याचा आणि त्याच्या जंगलासाठी चार पैसे उभे करण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे हौशी धाव, म्हणजेच फन रन. घड्याळ नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. तीन किंवा पाच किलोमीटर, पळा नाहीतर चाला. शाळा, गणेश मंडळ, गृहनिर्माण सोसायटी, गोदामातली कंपनी, कुणालाही ती भरवता येते. पण ती भरवायची कशी, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून हा लेख.

आधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी निसर्गाच्या नावाने भरवलेल्या अशाच एका धावेत मी भाग घेतला होता. टी-शर्टवर वाघाचा चेहरा, छातीवर प्रायोजकांची नावं. रस्ता खाडीकाठाने जात होता. परत येताना पाहिलं तर पाण्याचे शेकडो पेले वाऱ्याने उडून खारफुटीत अडकले होते. दिसायला कागदी, पण आतून प्लास्टिकचा थर असलेले. एक खंड्या त्या कचऱ्याच्या वर, मुळाच्या टोकावर बसून खालच्या पाण्याकडे टक लावून होता. समारोपाला रंगीत फुगे आकाशात सोडले. महिन्याभराने मी विचारलं, जमलेले पैसे कुठे गेले? कुणालाच नीट सांगता आलं नाही. “जनजागृती झाली ना,” एवढंच उत्तर मिळालं.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. धाव कशासाठी आणि पैसा कुणाच्या हातात, हे कागदावर उतरल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. ‘वन्यजीव वाचवा’ हा उद्देश नव्हे, ती घोषणा झाली. उद्देश असा हवा की काम झालं की नाही हे सहा महिन्यांनी जाऊन डोळ्यांनी पाहता यावं.

आपल्या भागासाठी मी पहिली पसंती वणव्याच्या कामाला देईन. तानसा आणि तुंगारेश्वरचं जंगल पानझडी आहे. जानेवारी सरता सरता सागाची पानं गळून जमिनीवर कोरडा थर साचतो. एक पेटती विडी किंवा गवतासाठी लावलेली आग पुरेशी होते. रानपिंगळ्यासारखे पक्षी झाडांच्या ढोलीत घरटं करतात. आग खालून गेली तरी धूर आणि धग ढोलीपर्यंत पोहोचते. सरडे, तितरांची अंडी, नवी रोपं यांचं तर काहीच उरत नाही. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्याआधी जंगलात जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा पालापाचोळा हटवून मोकळा करायचा, जेणेकरून आग तो ओलांडू शकणार नाही. हे काम वनरक्षक आणि पाड्यांवरची माणसं करतात. पाला उडवणारे ब्लोअर, जाड तळाचे बूट, विजेऱ्या, पाण्याच्या बाटल्या, मजुरी, अशा साध्या गोष्टींवर त्याचा दर्जा ठरतो. तीनशे धावपटूंच्या पैशात यातलं बरंच काही येतं, आणि काम डोळ्यांना दिसतं.

दुसरा पर्याय जखमी प्राणी-पक्ष्यांच्या उपचारांचा. पुण्यात ‘रेस्क्यू’, डहाणूत वन्यजीव व प्राणी कल्याणाचं काम करणारी आणि समुद्री कासवांवर उपचार करणारी संस्था, मुंबई-ठाण्यात ‘रॉ’, अशा संस्था वनखात्याबरोबर काम करतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची वन्यप्राणी दत्तक योजनाही आहे. ती चांगली आहे, पण ती पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या देखभालीसाठी असते. शेजारचं जंगल त्यातून वाचत नाही. मुलांना सोबत घेऊन छोटी रक्कम द्यायची असेल तर ती घ्या. मोठी रक्कम जमणार असेल तर जंगलाकडेच वळवा.

संस्था निवडताना तीन कागद मागा: धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या वर्षाचा तपासलेला हिशेब आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जीची नोंद. खऱ्या संस्थेला हे मागितल्याचा राग येत नाही. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम खात्यावरच घ्या. वनखात्याला थेट काही द्यायचं असेल तर रोख देऊ नका. परिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारून वस्तूंची यादी घ्या, वस्तू द्या आणि पोच घ्या.

तुमचं मंडळ नोंदणीकृत नसेल तर लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१क. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं जी परवानगी काढतात तीच ही. आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या खजिनदाराला ती रीत पाठ असते. त्यालाच समितीत घ्या.

गोदामांच्या कंपन्यांकडे जाणार असाल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. बॅनरवर नाव झळकावण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात धरत नाहीत. २०१४ च्या सरकारी परिपत्रकात तर एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांचं उदाहरण म्हणून मॅरेथॉनचंच नाव घेतलं होतं. त्यामुळे कंपनीला धावेसाठी सीएसआर मागू नका. जाळरेषेच्या किंवा उपचारकेंद्राच्या कामासाठी तिने पैसे थेट संस्थेला द्यावेत, आणि धावेसाठी जागा, पाणी आणि माणसं द्यावीत, असं सांगा. ते कंपनीलाही सोयीचं पडतं.

आता पैशाचं गणित. समजा तीनशे जण आले आणि प्रत्येकी तीनशे रुपये शुल्क ठेवलं, तर नव्वद हजार होतात. खर्च तीस हजारांत बसवला तर साठ हजार उरतात. पण प्रत्येक धावपटूने ओळखीच्या पाच जणांकडून शंभर-शंभर रुपये आणले, तर आणखी दीड लाख जमतात. खरा पैसा शुल्कातून येत नाही, तो ओळखीतून येतो. लंडन मॅरेथॉनमध्ये १९९२ पासून काही धावपटू गेंड्याचा अवजड पोशाख घालून धावतात. सुमारे दहा किलोचा पोशाख. ‘सेव्ह द ऱ्हायनो’ या संस्थेसाठी ते आप्तेष्टांकडून वचनं घेतात: मी हा पोशाख घालून बेचाळीस किलोमीटर पूर्ण करतो, तू इतके दे. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते. तिथेही धावपटू आपली संस्था निवडतो आणि तिच्यासाठी ओळखीपाळखीत पैसे गोळा करतो. तिच्यातल्या ‘ड्रीम रन’मध्ये हौशी माणसं फलक घेऊन चालतात ती याच भावनेने. भिवंडीत धाव भरवणं जमणार नसेल तर एकट्यानेही हे करता येईल: कुठल्याही धावेत नाव नोंदवा आणि वन्यजीवांसाठी काम करणारी एक संस्था निवडून तुमची पाच माणसं तिला जोडून द्या.

नोंदणीच्या वेळी प्रत्येकाला पाच ओळींचं छापील कार्ड द्या: नाव, रक्कम, सही. शाळेतली मुलं हे कार्ड मोठ्या माणसांपेक्षा लवकर भरून आणतात. आजोबा, शेजारच्या काकू, किराणावाले काका, झालं. मात्र मुलांच्या हाती रोख रक्कम फिरू देऊ नका. पैसे पालकांनी भरावेत.

मार्गाबद्दल मी आग्रही आहे. जंगलासाठी धावा, जंगलात धावू नका. केनियातल्या लेवा अभयक्षेत्रात २००० सालापासून गेंडे आणि हत्तींच्या मुलखात मॅरेथॉन होते, मग आपण तुंगारेश्वरमध्ये का नको, असं कुणीतरी बैठकीत विचारणारच. लेवा उघडा गवताळ मुलूख आहे, लांबवर दिसतं, आणि धावपटूंच्या आसपास सशस्त्र रक्षक आणि वरून हेलिकॉप्टर पहारा देत असतात. आपलं जंगल दाट आहे, त्यात बिबट्या आहे, आणि पहाट ही त्याच्या घरी परतायची वेळ. शिवाय अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते. ती पर्यटन, अभ्यास, छायाचित्रण अशा कामांसाठी असते. तीनशे माणसांचा गलका हे त्यातलं काम नव्हे.

शहरात मात्र जागा शोधणं सोपं नाही. कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, अंजूरफाटा इथे रविवारीही पहाटेपासून अवजड वाहनं असतात. महामार्गाचा विचारही करू नका. दोन गोष्टी सुचवतो. कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावाच्या परिसरातले आतले रस्ते, तिथे छोट्या फेऱ्या आखता येतील. नाहीतर राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ या पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या गोदाम-संकुलाचे अंतर्गत रस्ते. काँक्रीटचे, रुंद, फाटकाआड, आणि मालकाने लेखी होकार दिला तर त्या दोन तासांपुरते ट्रक थांबवता येतात. काल-परवापर्यंत हीच भाताची शेतं होती. पावसाळ्यात गोदामात साप निघतात ते का, हे तिथे धावताना आपोआप कळतं. आदल्या दिवशी मार्ग स्वतः चालून बघा. उघडं गटार आणि खड्डा दिसला की चुन्याने गोल करा.

तारीख डिसेंबरमधली घ्या. थंडी असते आणि जाळरेषेच्या आधी पैसे हातात येतात. वसई-विरारची मॅरेथॉन डिसेंबरात असते आणि मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. ते दोन रविवार टाळा, नाहीतर तुमचे धावपटू तिकडे जातील. तारीख जानेवारीत ढकलावी लागलीच तर संक्रांतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडाही टाळा. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी तो रस्त्यांवर लटकलेला सापडतो. पळणाऱ्या माणसाच्या गळ्याला तो अचानक आडवा येतो आणि तोपर्यंत दिसत नाही. थंडीत सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर पहाटे खाली बसलेला असतो; त्यामुळे अगदी काळोखात सुरुवात न करता साडेसहाच्या सुमारास करा. ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते, हाही नियम त्यात सांभाळला जातो. खरं सांगायचं तर डीजे नकोच. ढोल-ताशाही नको. पहाटे कुठले पक्षी बोलतात ते ऐकायला लोकांना पाच मिनिटं गप्प उभं करा, ते जास्त लक्षात राहील.

परवानग्या फार नाहीत, पण वेळ लागतो. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका, स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा, तिघांना निदान महिनाभर आधी अर्ज द्या. ग्रामीण भागात भरवत असाल तर ग्रामपंचायत आणि तिथलं पोलीस ठाणे. १०८ ची रुग्णवाहिका मिळते, तरी एक डॉक्टर आणि ओआरएसची पाकिटं जागेवर हवीतच. इंदिरा गांधी स्मृती (आयजीएम) रुग्णालयाला कार्यक्रमाची कल्पना देऊन ठेवा.

कपड्याबद्दल सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण यात भिवंडीसारखं दुसरं गाव नाही. सगळीकडे धावेला पॉलिस्टरचे टी-शर्ट वाटतात, ते दोनदा घालून पोछ्याला जातात. आपल्याकडे यंत्रमागावर सुती ग्रे कापड निघतं, कोरं, पिवळसर, खळ लावलेलं. एखाद्या कारखानदाराकडे तागा मागा. छातीवरचा नंबर त्याच कापडाच्या चौकोनावर शिक्क्याने छापा, कडा शिवून घ्या, चार टाचण्या लावा. मागच्या बाजूला वनखात्याची मदतवाहिनी १९२६ छापा आणि खाली एवढंच: साप दिसला तर मारू नका, फोन करा. धाव संपली की तो कपडा गोदामाच्या भिंतीवर टांगता येतो. मागावर बसणाऱ्या कामगाराने आपल्याच हातचं कापड छातीवर लावून धावावं, याहून चांगला पेहराव मला सुचत नाही.

पाण्यासाठी वीस लिटरचे जार आणि स्टीलचे पेले ठेवा, दर दीड किलोमीटरवर दोन टेबलं. पेले धुवायला चार स्वयंसेवक लागतात. ते आधी नेमा. नोंदणी करतानाच लोकांना आपली बाटली आणायला सांगा. शेवटी जमलेला कचरा सर्वांसमोर ताणकाट्यावर तोला आणि आकडा फळ्यावर लिहा. पुढच्या वर्षी तो कमी करायचा, हीच स्पर्धा. नाश्त्याला केळं आणि उकडलेले शेंगदाणे पुरतात. मुलांच्या चेहऱ्यावर बिबट्याचे ठिपके रंगवा, त्यांना ते आवडतं.

जिवंत प्राणी मात्र आणू नका. सर्पमित्र ओळखीचा असतो, तो उत्साहाने नाग घेऊन येतो, लोक फोटो काढतात. वन्य सापांचं असं प्रदर्शन हा गुन्हा आहे, आणि सापाचा तो छळ असतो. पिंजऱ्यातला पोपटही नको. सर्पमित्राला बोलवा, पण चित्रं आणि माहिती घेऊन.

भिवंडीत मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, चार भाषा रोज कानावर पडतात. पत्रक चारही भाषांत काढा. आगरी, कोळी, मोमीन, पद्मशाली, उत्तर भारतीय, सगळ्या वस्त्यांत एकेक माणूस नोंदणीसाठी नेमा. बायकांना सलवार-कमीज, साडी, बुरखा, जे सोयीचं वाटेल ते घालून चालू द्या. पोशाखाची अट घातली की अर्ध्या जणी येत नाहीत. जंगलाकाठच्या पाड्यांवरून वारली, कातकरी, ठाकूर मंडळींना बोलवायचं असेल तर तारपा वाजवून दाखवण्यासाठी बोलवू नका. जाळरेषा काढणारा माणूस म्हणून त्याला माइक द्या आणि आग कशी येते ते त्याच्या तोंडून ऐका. त्याचा दिवस बुडतो, तर मजुरी आणि प्रवासखर्च द्या.

कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचं रक्षण गावकऱ्यांसोबत सुरू केलं. आज लोक पिल्लं पाहायला जातात ते गावातल्या घरांत राहतात, जेवतात, आणि पैसा गावात राहतो. म्हणूनच गाव घरटी राखतं. आपल्या धावेच्या पैशातलाही मोठा वाटा पाड्यावरच्या मजुरीला जावा, असं मला मनापासून वाटतं.

धावेनंतर पंधरा दिवसांत हिशेबाचा फलक लावा. जिथून धाव सुरू झाली तिथेच, आणि शाळा-मंडळांच्या फलकांवर. शुल्क किती जमलं, कार्डांवरून किती आलं, खर्च कशावर झाला, उरलेले कुणाला दिले, पावती क्रमांक काय. पाच ओळी पुरेत. मार्चमध्ये दहा-बारा धावपटूंना वनखात्याच्या परवानगीने जाळरेषा पाहायला घेऊन जा, फोटो काढा, तेही फलकावर लावा. दुसऱ्या वर्षी दुप्पट माणसं येतील ती याच फलकामुळे.

१५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी ब्लोअर आणि बूट जंगलात पोहोचायचे तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पैसे संस्थेकडे जायला हवेत, धाव डिसेंबरात व्हायला हवी आणि अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला जायला हवेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह असतो. पहिली बैठक त्याच आठवड्यात बोलवा.